सहा वाजताचा उतार

वायरलेसवर बोलायची एक रीत असते. आधी समोरच्या ठाण्याचं नाव, मग आपल्या ठाण्याचं नाव, मग मजकूर. ट्रेनिंगमध्ये ती आमच्याकडून घोकून घेतली होती. मी सव्वीस वर्षं वैनगंगेच्या काठी, करडीच्या बाजूच्या एका पूर-ठाण्यावर ऑपरेटर आहे, आणि पहिले पंधरा दिवस सोडले तर ती रीत मी पाळली नाही. कोणीच पाळत नव्हतं. लाइनवर येऊन-जाऊन पाच माणसं. आवाजावरून कोणाला सर्दी झाली तेही कळायचं. मग दर दोन तासांनी नावं कसली सांगायची? कोणी नवा माणूस आला आणि पुस्तकातल्यासारखा बोलायला लागला की आम्ही त्याची टिंगल करायचो. सगळ्यात जास्त मी करायचो, कारण माझा स्वभावच तसा आहे. वेळ घालवणारी माणसं मला सहन होत नाहीत.

त्या न सांगितलेल्या नावापायी एक माणूस नदीत गेला आणि दुसरा जिवंतपणी बदनाम झाला. पहिल्यासाठी काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. दुसऱ्यासाठी करता येत होतं, आणि ते मी दोन वर्षं केलं नाही. तेच आज लिहायला बसलो आहे.

आमचं ठाणं म्हणजे एक खोली, बाजूला लोखंडी मनोरा, आत सेट आणि बॅटरी. खाली काठाला पाणी मोजायच्या पट्ट्या उभ्या केलेल्या, त्यांच्यावर मीटर-सेंटिमीटरचे आकडे रंगवलेले. लोक विचारतात, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हा जुना खटारा कशाला? पूर येतो तेव्हा आधी वीज जाते, मग टॉवर बसतो, हे त्यांना कोण सांगणार. पावसाळ्याच्या चार महिन्यांत असे सात-आठ दिवस येतातच, आणि त्या दिवसांत नदीची खबर फक्त आमच्या सेटवरून खाली जाते.

माझ्या वरच्या बाजूचं ठाणं सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटरवर, राज्याच्या सीमेजवळ. तिथला ऑपरेटर सीमेपलीकडच्या गावचा, हिंदी बोलणारा. मी त्याला 'ऊपरवाले' म्हणायचो, तो मला 'नीचेवाले भैया'. ऊपरवाला म्हणजे देव, हा विनोद आम्ही दोघांनी झिजवून टाकला होता. एकोणीस पावसाळे आम्ही रोज बोललो, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तो हंगामी होता, मी कायम. त्याचा आवाज माझ्याकडे नेहमी जरा दबकाच यायचा, कारण अंतर जास्त, मध्ये जमिनीचा उंचवटा आणि त्याची बॅटरी म्हातारी. कधी तो बाजाराला गेला तर घरातल्या कोणाला तरी सेटवर बसवून जायचा. ते नियमात नव्हतं, पण मी कधी त्याबद्दल तक्रार केली नाही.

पाण्याचा खरा आकडा सकाळी आठला यायचा. पहाटे सहाला फक्त एक शब्द विचारायचा, चढ की उतार. चढ असला तर आकडा विचारून घ्यायचा. उतार असला तर कोण विचारतो? वहीत मात्र सहाच्या ओळीतही आकड्याचा रकाना होता, आणि तो रिकामा राहिला की साहेबांकडून विचारणा यायची. म्हणून 'उतार' ऐकलं की आदल्या संध्याकाळच्या आकड्यातून दहा सेंटिमीटर वजा करायचे आणि लिहून मोकळं व्हायचं. आठला खरा आकडा आला की सहाच्या ओळीकडे कोणी ढुंकून पाहत नसे. मी हे माझ्या आधीच्या ऑपरेटरकडून शिकलो आणि माझ्यानंतर आलेल्यांना शिकवलं.

ठाण्याच्या खालच्या अंगाला ढिवरांची वस्ती आहे. तिथला एक जण, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, रोज पहाटे डोंगा सोडायच्या आधी माझ्या खिडकीपाशी यायचा. नदीच्या मधोमध रेतीचं एक बेट आहे, त्याच्या पलीकडच्या धारेत तो जाळं लावायचा. खिडकीच्या गजाला धरून तो विचारायचा, "बाबू, चढ का उतार?" मी सांगायचो आणि तो जायचा. पूर्वी हे लोक पाण्याच्या काठाला काडी रोवायचे. बिडी ओढून होईस्तोवर काडी बुडाली तर जायचं नाही, उघडी पडली तर जायचं. याच्या बापाने तसंच केलं, यानेही तरुणपणी तसंच केलं. मग आमचं ठाणं आलं आणि त्याने काडी सोडून दिली. काडी इथलंच पाणी सांगते, बाबूचं यंत्र वरचं सांगते, असं तो वस्तीत सांगायचा. मला ते ऐकून बरं वाटायचं, आणि ते मी लपवत नव्हतो.

त्या भाद्रपदात तीन दिवस झड लागली होती. चौथ्या पहाटे आभाळ एकदम मोकळं झालं. वारा मुळीच नव्हता. मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो तेव्हा वस्तीतल्या चुलींचा धूर वर जात नव्हता. कौलांच्या जरा वर तो आडवा पसरला होता आणि तसाच नदीवर जाऊन थांबला होता, सपाट, कोणी चादर ताणून धरावी तसा. छान दिसत होतं. मला अजून ते छान दिसत होतं हेच आठवतं, आणि त्याचा राग येतो.

सहाला मी सेट उघडला आणि नेहमीसारखं विचारलं, "हां भैया, चढ़ाव कि उतार?" उत्तर लगेच आलं. इतकं स्वच्छ की आवाज शेजारच्या खोलीतून यावा. "उतार चालू है भैया, पानी नीचे जा रहा है." आवाज ऊपरवाल्याचा नव्हता. जरा जाड, शब्द ओढून बोलणारा, शेवटी एक खोकला. मला वाटलं, आज घरातल्या कोणाला तरी बसवलं आहे, आणि बॅटरी नवी मिळालेली दिसते. मी "ठीक है, उतार, लिख लिया" म्हणालो आणि सेट बंद केला. आदल्या संध्याकाळी वरच्या ठाण्याने बासष्ट पंचाहत्तर दिले होते, पुढचा शेकडा आम्ही बोलत नसू, तो सगळ्यांना माहीत. मी वहीत लिहिलं, बासष्ट पासष्ट, उतार, वरच्या ठाण्याकडून.

ढिवर खिडकीपाशी आला. बरोबर त्याची बायको होती, डोक्यावर जाळ्यांचा भारा. त्याने विचारलं, मी सांगितलं.

"उतार. आभाळही साफ आहे. जा निवांत."

"मंग मी दुपारलेच येतो, बाबू," तो म्हणाला. "तीन दिवसाचे भिजलेले जाळे हायेत, तिकडंच रेतीवर सुकवून घेतो."

नेहमी तो नऊपर्यंत परत यायचा. माझ्या शब्दावर तो तीन तास जास्त थांबणार होता. बायकोने भारा डोंग्यात टाकला आणि ती काठावरच फाटकं जाळं सांधत बसली.

आठला मी वरच्या ठाण्याला हाका मारल्या. सेटवर नुसती खरखर. मोबाइल लागेना, वरच्या भागात रात्रीपासून टॉवर बंद होता. मी आमची पट्टी पाहून आलो, पाणी दोन सेंटिमीटर उतरलेलंच होतं. मग काळजी कशाची? मी डबा उघडून नाश्ता केला.

साडेनऊच्या सुमाराला नदीचा रंग बदलला. आधी पानं आणि काटक्या आल्या, मग एक अख्खं झाड मुळांसकट फिरत गेलं. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, सगळं वरचं पाणी. मी पट्टीकडे धावलो तर पाहता पाहता एक वीत गेली. ती बाई उभी राहून हाका मारत होती. मीही ओरडलो, शर्ट काढून हलवला. बेटावरून त्याने हात वर केला. त्याला ऐकू आलं नव्हतं, दिसलं होतं. मी मजेत हात हलवतो आहे असं त्याला वाटलं असावं. मग त्याचं लक्ष पाण्याकडे गेलं आणि तो जाळी गोळा करायला धावला. जाळी टाकून आधी डोंग्यात बसला असता तर कदाचित. पण जाळी टाकून कोणता ढिवर पळतो? डोंगा मधल्या धारेत आला तेव्हा एक ओंडका त्याला आडवा लागला. आम्ही दोघं काठावरून बघत होतो. डोंगा उलटा दिसला, माणूस दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी तो गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात सापडला, पाण्याखाली गेलेल्या एका जुन्या गावाच्या बाजूला.

चौकशी महिन्याभराने झाली. बाहेरून एक अधिकारी आले. आमचे जबाब वेगवेगळे घेतले, माझा माझ्या खोलीत, वरच्याचा त्याच्या. मला कळलं ते इतकंच की वरचा म्हणतो, मी चढाव सांगितला होता, आणि त्या पहाटे सेटवर मी एकटाच होतो. मला त्याचा संताप आला. मी माझ्या कानाने उतार ऐकला होता. स्वतः झोपला, घरातल्या कोणाला तरी बसवलं आणि आता खोटं बोलतो आहे, असं मला मनापासून वाटलं.

अधिकाऱ्यांनी वही पुढे ओढली. सहाच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, नुसता उतार नाही, त्याने आकडाही दिलेला दिसतो. बासष्ट पासष्ट. चढाव सांगणारा माणूस कमी झालेला आकडा कशाला देईल? मग त्यांनी मला विचारलं, "हा आकडा त्यांनीच दिला ना?"

मी मान हलवली. तोंडाने हो म्हणालो नाही, एवढीच काय ती माझी हुशारी. खरं सांगितलं असतं तर चोवीस वर्षांच्या सगळ्या सहाच्या ओळी उघड्या पडल्या असत्या. नोकरी गेली असती. आणि मला तेव्हा वाटत होतं की उतार तर त्यानेच सांगितला, मग आकड्याने काय फरक पडतो. फरक पडला. वरच्याला त्या आकड्यावरच कामावरून काढलं. चौकशीच्या कागदात लिहिलं होतं की आकडा इतका नेमका आहे की तो ऐकणाऱ्याच्या मनातून येऊ शकत नाही. ती ओळ मला पाठ आहे.

माझं घर शहापूरला, हायवेच्या कडेला. पौर्णिमेला आम्ही विहारात जातो. सगळ्यांबरोबर शीलं म्हणताना चौथं शील आलं, ते खोटं न बोलण्याचं, की माझा आवाज खाली जायला लागला. शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या ते लक्षात आलं. तिने एकदा विचारलं, घसा बसला का. मी तिच्यावर उगाच खेकसलो.

नदीवर ती बाई तशीच येत होती. दिराबरोबर तिने दुसरा डोंगा चालवायला घेतला. पण खिडकीशी ती कधी थांबली नाही. पाण्याच्या काठाला काडी रोवायची, तिथेच उकिडवी बसायची आणि काडीकडे बघत राहायची. मग जायची किंवा परत फिरायची. मी खिडकीतून पाहायचो. तिने एकदाही वर पाहिलं नाही. वस्तीत ती वरच्याला शिव्या द्यायची, हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. वरच्यानं सांगितलं असतं तं माहा माणूस वाचला असता, असं ती म्हणायची. माझं नाव त्यात नसायचं, आणि मी निर्लज्जासारखा सुटकेचा श्वास घ्यायचो.

दोन वर्षांनी, आश्विनातली गोष्ट. रात्री आभाळ निवळलेलं, पहाटे वारा पडलेला. वरच्या ठाण्यावर आता दुसरा माणूस होता. सहाला मी सेट उघडला आणि कोणाला काही विचारण्याआधीच आवाज आला. जाड, ओढून बोलणारा. "उतार चालू है भैया, पानी नीचे जा रहा है." आणि शेवटी तो खोकला.

 मी माइक उचलला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी कोणाला ते विचारलं.

"स्टेशन का नाम बोलिए."

 मग त्याने एक नाव सांगितलं. ते वैनगंगेवर नव्हतं. ते छत्तीसगडात, महानदीच्या काठावर होतं, आमच्यापासून अडीचशे-तीनशे किलोमीटर पूर्वेला. त्याने मला विचारलं, मी कोण. मी म्हणालो, वैनगंगा. त्याला ती थट्टा वाटली. त्याच्या खालच्या ठाण्यावरचा कोणीतरी आवाज बदलून बोलतो आहे असं समजून तो हसला. मी त्याला विचारलं, दोन वर्षांपूर्वी भाद्रपदातही सेटवर तुम्हीच होता का. तो म्हणाला, पंधरा वर्षं झाली, भादो असो की सावन, इथे मीच बसतो. थोड्या वेळाने ऊन वर आलं आणि त्याचा आवाज विरत विरत गेला. मी माइक हातात धरून तसाच बसून राहिलो. उठावंसं वाटेना.

पुढच्या आठवड्यात सेट तपासायला नागपूरहून इंजिनिअर बाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. मी आडून आडून विचारलं, एका पहाटे फार लांबचं ठाणं ऐकू आलं, असं होऊ शकतं का. त्यांना वाटलं मला कुतूहल आहे, म्हणून त्या खुशीत सांगत बसल्या.

त्या म्हणाल्या, आपल्या सेटचे तरंग साधारण सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे क्षितिजाच्या पलीकडे ते डोक्यावरून निघून जातात. वर जावं तशी हवा विरळ होत जाते, म्हणून तरंग किंचित खाली वाकतो आणि नजरेच्या थोडा पुढे पोचतो, एवढंच. याच हिशेबाने दोन दूरच्या खोऱ्यांना एकच फ्रिक्वेन्सी देतात, कारण त्यांची गाठ पडणारच नाही असं धरलेलं असतं. पण पाऊस थांबून आभाळ मोकळं झालं, वारा पडला, की पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि ओली होते आणि तिच्यावर उबदार, कोरड्या हवेचा थर बसतो. त्या थरापाशी तरंग इतका वाकतो की तो परत जमिनीकडे येतो, जमिनीवरून पुन्हा वर, पुन्हा खाली. तो पसरत नाही, म्हणून थकत नाही. मी म्हणालो, तलावाच्या पाटातून सोडलेलं पाणी धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत जातं तसं. त्या म्हणाल्या, अगदी तसंच, आणि ऊन तापलं की पाट फुटतो.

"पण जवळचं ठाणं त्याच वेळी बोलत असेल तर?" मी विचारलं. "दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतील ना?"

"नाही काका. या सेटवर जो आवाज थोडा जोरात पोचतो तोच पूर्ण ऐकू येतो. दुसरा नसल्यासारखा होतो. खरखरसुद्धा येत नाही." मग त्यांनी सहज विचारलं, "असा दिवस ओळखायचा असेल तर गावातला धूर बघायचा. धूर वर न जाता आडवा पसरला होता का त्या दिवशी?"

मी म्हणालो, आठवत नाही. तेही खोटंच.

त्यानंतर पंधरा दिवस मी कुठेच गेलो नाही. पाय उचलत नव्हता. रोज ठरवायचो आणि रोज काही कारण काढायचो, गाडीचं टायर, बायकोचं औषध, धानाची कापणी. शेवटी एका सकाळी मोटरसायकल काढली आणि सीमेपलीकडच्या त्या गावाला गेलो. गावाच्या तोंडाशी पानटपरीवर त्याचं नाव घेऊन घर विचारलं. टपरीवाल्याला कळेना. मग कपाळावर हात मारून तो म्हणाला, "अच्छा, उतारवाला." त्याचं ते नावच पडलं होतं. शाळेत त्याच्या मुलीला उतारवाले की लड़की म्हणत होते. हे मला पुढे कळलं.

तो पिठाची चक्की चालवत होता. भुवयांवर, केसांवर पीठ. माझ्यापेक्षा लहान होता, दिसत मात्र मोठा होता. मी तोंड उघडलं तेव्हा त्याने आवाजावरून ओळखलं. मी म्हणालो, "नीचेवाला हूँ." त्याने चक्कीचा पट्टा उतरवला. बाजेवर बसा असं हाताने दाखवलं.

मी सगळं सांगितलं. महानदीचा माणूस, हवेचा थर, पाट, धूर. हातवारे करून सांगत होतो, जणू मीच इंजिनिअर. सांगता सांगता मला हलकं वाटायला लागलं, कारण या गोष्टीत कोणाचाच दोष नव्हता. माझाही नाही, त्याचाही नाही. हवेचा होता. मी त्याला ही भेट द्यायला आलो आहे असंच मला वाटत होतं, आणि तो आता माझा हात धरेल अशी वाट बघत होतो.

त्याने पायाने खालचं पीठ बाजूला सारलं. मग म्हणाला, "मैं आपको सुन रहा था."

मला समजलं नाही. त्याने सांगितलं. त्याचा आवाज माझ्यापर्यंत पोचला नाही, पण माझा त्याच्यापर्यंत पोचत होता. माझा सेट दमदार, मनोरा उंच. मी कोणाला तरी म्हणालो, ठीक है, उतार, लिख लिया, ते त्याने ऐकलं. तो ओरडला, चढाव आहे, तीन मीटर आलं आहे. मी उत्तर दिलं नाही. तो पुन्हा ओरडला. बॅटरी बसेपर्यंत ओरडत होता. मग सायकलवर बसून टॉवर असलेल्या गावाकडे निघाला, पण नाल्याला पूर होता. या दोन वर्षांत त्याची एकच समजूत होती. नीचेवाल्या भैयाने सगळं ऐकलं आणि तरीही उतार लिहिला, त्याला चहा प्यायची घाई असेल. जबाबात त्याने ते सांगितलंही होतं. कोणी मानलं नाही.

"आवाज़ तो हवा ले आई, मान लिया," तो म्हणाला. "आँकड़ा कौन लाया?"

 चक्कीवर दळण घेऊन आलेली एक म्हातारी दाराशी उभी होती, तीही आमच्याकडे बघत होती.

"बासठ पैंसठ किसने बोला था, भैया? उस साहब ने मुझसे चार बार पूछा. मैं कहाँ से बताता?"

"मी," मी म्हणालो. हिंदी सुचली नाही. "मीच लिहिला. मनानं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आत गेला आणि मुलीच्या वहीतले दोन कोरे कागद आणि पेन घेऊन आला. एक ऑफिससाठी, एक गावासाठी, म्हणाला. गावाचा कागद ग्रामसभेत वाचून दाखवणार होता. मी बाजेवर बसून लिहिलं. वरती माझ्या ठाण्याचं नाव, मग माझं पूर्ण नाव, मग त्याच्या ठाण्याचं नाव, तारीख, वेळ सकाळी सहा. खाली मजकूर. आकडा मला कोणीही दिला नव्हता, हे वाक्य त्याने मला दोन्ही कागदांवर अधोरेखित करायला लावलं. त्याने ते मोठ्याने वाचलं, त्या म्हातारीलाही ऐकू जाईल असं. मी निघताना त्याने विचारलं, त्या नदीवरच्या बाईला सांगितलं का. मी नाही म्हणालो. त्याने चक्कीचा पट्टा पुन्हा चढवला आणि पाठ केली.

ऑफिसात कागद देऊन मी पोच घेतली. नोकरीचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही. त्याला परत घेतील असं मला वाटत नाही. गावात त्याला आता काय म्हणतात ते विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

कागद दिल्याच्या दुसऱ्या सकाळी मी खिडकी सोडून खाली काठावर गेलो. ती काडी रोवून बसली होती, माझी चाहूल लागली तरी मान वळवली नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. वरच्याची चूक नव्हती, वहिनी. तो ओरडत होता. मी दुसऱ्याच कोणाचं ऐकलं, नाव विचारलं नाही, आणि आकडा माझ्या मनानं लिहिला. तुमच्या माणसाला मी पाठवलं. एवढं बोलून मी थांबलो, तिने दगड उचलून मारला असता तरी मी हललो नसतो.

 बेटावर बगळे उतरले होते. मग तिने हात लांब करून काडीवरची ओली खूण बोटांनी मोजली.

"दोन बोटं चढली हाये," ती म्हणाली. "जा, लिहून घ्या. मी पाहून सांगून राहिली."

मी वर गेलो आणि लिहून घेतलं.